जुनी पीपीके की नंतरची? वाल्थरचं छोटं पिस्तूल पायरीपायरीने ओळखताना

मोठ्या काकांच्या परवान्यावर शस्त्राच्या रकान्यात एवढंच लिहिलेलं होतं : ‘पिस्तूल .३२, वाल्थर, जर्मनी’. काका गेल्यावर ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा झालं आणि चुलतभावाने वारसाहक्काने अर्ज केला. त्या निमित्ताने मी ते पहिल्यांदा नीट, भिंग लावून पाहिलं. कुणीतरी कधीतरी त्यावर निकेलचा मुलामा चढवून घेतला होता. मुलाम्याआधी घासकाम झालेलं, त्यामुळे अक्षरांच्या कडा गुळगुळीत झालेल्या. तरी काडतूस बाहेर पडतं त्या खाचेजवळ एक बारीक मुकुट दिसला आणि त्याखाली रोमन एन. घरात सगळे ते ‘लढाईनंतरचं’, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचं, समजत होते. त्या मुकुटाने सांगितलं की ते १९४० च्या आधीचं आहे.

तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला हाच प्रश्न विचारला : आमच्याकडची पीपीके जुनी की नंतरची? आपल्याकडे खासगी व्यक्तींसाठी पिस्तुलांची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. त्यामुळे भारतातल्या परवानाधारक घरांत असलेली वाल्थर बहुतेक वेळा आजोबांकडून काकांकडे, काकांकडून पुतण्याकडे अशीच आलेली असते. कागद हरवतात, गोष्टी वाढत जातात. धातूवरच्या खुणा मात्र वाचता येतात, त्या कशा वाचायच्या ते इथे क्रमाने लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पीपीकेची मूळ रचना १९३१ पासून आजपर्यंत फारशी बदललेली नाही. नळी फ्रेमला, म्हणजे मुठीसकटच्या खालच्या सांगाड्याला, पक्की बसवलेली, नळीभोवती गुंडाळलेली स्प्रिंग, काडतुसाच्या धक्क्यानेच मागे जाणारी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग. १९३५ ची आणि १९७५ ची शेजारी ठेवली तर लांबून दोन्ही सारख्याच दिसतील. बदलला तो कारखाना, बदलला देश, बदलला कारागिराला मिळालेला वेळ. म्हणून आकारावरून निष्कर्ष काढू नका, खुणांवरून काढा. आणि तोही एका खुणेवरून नको. तीन स्वतंत्र खुणा एकच काळ दाखवत असतील तरच तो काळ खरा धरा.

थोडी पार्श्वभूमी

कार्ल वाल्थर यांनी जर्मनीतल्या थुरिंगिया भागात १८८६ साली आपला धंदा सुरू केला. पुढे त्यांचा मुलगा फ्रिट्झ याच्या काळात १९२९ मध्ये ‘पीपी’ आलं, म्हणजे पोलीस पिस्तूल. त्याचीच छोटी आवृत्ती ‘पीपीके’ १९३१ मध्ये आली. यातला ‘के’ म्हणजे ‘क्रिमिनाल’, अर्थात साध्या वेशातल्या गुन्हे शाखेच्या पोलिसांसाठी. पुष्कळ जण तो ‘कुर्त्झ’, म्हणजे आखूड, असाही लावतात.

त्या काळी या पिस्तुलाचं कौतुक झालं ते त्याच्या चापामुळे. तोवरच्या खिशातल्या बहुतेक स्वयंचलित पिस्तुलांत पहिल्या गोळीसाठी घोडा आधीच चढवलेला असावा लागे. पीपी आणि पीपीकेमध्ये नुसता चाप ओढला की घोडा मागे जातो आणि पडतो. शिवाय सेफ्टीची कळ खाली केली की चढलेला घोडा सुरक्षितपणे उतरतो. नळीत काडतूस, घोडा खाली आणि तरीही पिस्तूल तयार, ही सोय पुढे जगभरच्या पिस्तुलांनी उचलली.

पहिली पायरी : पाहण्याआधीची तयारी

ज्याच्या नावावर परवाना आहे त्याच्या समोर किंवा ज्या विक्रेत्याकडे शस्त्र जमा आहे त्याच्या दुकानातच पाहणी करा. दुसऱ्याचं परवान्याचं शस्त्र ‘जरा घरी नेऊन बघतो’ असं चालत नाही.

क्रम कायम एकच ठेवा. नळी सुरक्षित दिशेला. बोट चापापासून दूर. आधी मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढायचं, मग स्लाइड मागे खेचून आतलं काडतूस काढायचं, मग डोळ्यांनी आणि करंगळीने नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा रिकामी आहे याची खात्री करायची. हा क्रम उलटा झाला, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड खेचून सोडली, तर काढलेल्या काडतुसाच्या जागी दुसरं जाऊन बसतं. जुन्या पिस्तुलांचे बरेचसे अपघात असेच होतात. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

सोबत दहा पट मोठं दाखवणारं भिंग, बाजूने प्रकाश टाकणारा छोटा टॉर्च, चुंबक, मिलिमीटरची पट्टी आणि वही एवढं पुरतं. ब्रासो, सँडपेपर, गंज काढायचं रसायन यातलं काहीही जवळ आणू नका. घासण्याने फक्त किंमत जात नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचा क्रमांक किंवा ओळखखूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. निकेलचा मुलामा देणाऱ्या कारागिराने काकांच्या पिस्तुलाचा क्रमांक वाचण्याइतका शाबूत ठेवला, हे आमचं नशीब.

दुसरी पायरी : हे नक्की पीपीकेच आहे का?

‘आमच्याकडे पीपीके आहे’ असं सांगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे प्रत्यक्षात पीपी निघतं. आधी हे निस्तरा.

पट्टी लावा. पीपीची नळी ९८ मिमी आणि एकूण लांबी १७० मिमी. पीपीकेची नळी ८३ मिमी आणि लांबी १५५ मिमी. ७.६५ मिमीमध्ये (परवान्यावरचं .३२ ते हेच) पीपीच्या मॅगझिनमध्ये ८ काडतुसं बसतात, पीपीकेच्या ७. नऊ मिमी कुर्त्झ या जाड काडतुसाच्या पिस्तुलांत दोन्हींत एकेक कमी.

पण मोजमापापेक्षा पक्की खूण मुठीच्या पाठीला आहे. पीपीच्या मुठीची मागची बाजू पोलादाची असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना ग्रिपच्या दोन वेगळ्या पाट्या असतात. पीपीकेला पोलादी पाठ नाही. तिथे प्लास्टिकची एकच ग्रिप मागून वळसा घालून दोन्ही बाजूंना येते आणि एका स्क्रूने बसते. तळव्याला मागे प्लास्टिक लागलं तर पीपीके, पोलाद लागलं तर नाही.

तिसरी शक्यताही आहे. नळी आणि स्लाइड पीपीकेची, पण मूठ पीपीची, पोलादी पाठीसह. ही पीपीके/एस. अमेरिकेत १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने आयात पिस्तुलांसाठी आकार, वजन वगैरेंवर गुण ठरवले आणि पीपीके त्यात एका गुणाने कमी पडली. मग वाल्थरने पीपीची फ्रेम आणि पीपीकेची स्लाइड एकत्र केली. वजन साधारण ५० ग्रॅमने वाढलं, उंची थोडी वाढली आणि ती पास झाली. त्यामुळे तुमच्यासमोरचं पिस्तूल पीपीके/एस असेल तर ते १९६८ च्या आधीचं असूच शकत नाही. ‘हे आजोबांनी बर्लिनहून १९३८ मध्ये आणलं’ ही गोष्ट तिथेच संपते.

तिसरी पायरी : डाव्या बाजूची अक्षरं

स्लाइडच्या डाव्या बाजूला कारखान्याचा पत्ता असतो. तो शब्दशः वहीत उतरवा, स्वल्पविराम आणि पूर्णविरामांसकट.

युद्धापूर्वीच्या पिस्तुलावर फडकत्या फितीच्या आकाराचं वाल्थरचं चिन्ह असतं. त्यापुढे ‘वाफेनफाब्रिक वाल्थर, झेला-मेहलिस’ आणि कंसात थुरिंगियाचं लघुरूप. खाली पेटंटचा उल्लेख, ७.६५ असं माप आणि ‘मॉड. पीपीके’. झेला-मेहलिस हे गावाचं नाव दिसलं की पिस्तूल १९४५ पर्यंतचं. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी फौजा तिथे पोचल्या, नंतर तो भाग सोव्हिएत ताब्यात गेला आणि वाल्थर कंपनीची तिथली गोष्ट संपली.

युद्धाच्या अगदी शेवटी बनलेल्या काही पिस्तुलांवर ते सुंदर चिन्हही नसतं. त्याऐवजी फक्त ‘एसी’ ही दोन रोमन अक्षरं. जर्मन सैन्याने कारखान्यांना दिलेल्या गुप्त संकेतांपैकी वाल्थरचा संकेत तो. कारखान्याचं नावही लिहायचं नाही, इतकी निकड त्या दोन अक्षरांत आहे. मला ती अक्षरं पाहताना नेहमी तो कारखाना दिसतो : कच्चा माल संपत आलेला, हात घाईत, आणि तरी काम चालू.

नावात ‘उल्म’ दिसलं तर पिस्तूल युद्धानंतरचं जर्मन. ‘मानूऱ्हें’ दिसलं तर फ्रेंच. अमेरिकी शहरांची नावं असतील तर आणखी नंतरचं. त्याकडे पुढे येतो.

चौथी पायरी : प्रूफचे शिक्के

इथे घाई करू नका. मला विचाराल तर सगळ्यांत खरं बोलतात ते हेच शिक्के. कारण कारखान्याचं नाव कंपनी लिहिते, पण प्रूफचा शिक्का सरकारी तपासणी केंद्र मारतं. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडून नळी टिकते का हे तपासल्यावरच तो मिळतो.

तो पाहायचा स्लाइडच्या उजव्या बाजूला, काडतुसाच्या खाचेच्या आसपास, आणि नळीच्या दिसणाऱ्या भागावर. फ्रेमवरही असू शकतो. टॉर्च सरळ न धरता अगदी आडवा धरा, म्हणजे खोल भागात सावली पडून आकृती उठून दिसते.

मुकुटाखाली रोमन एन असेल तर पिस्तूल १९४० पूर्वीचं. एन म्हणजे नायट्रो, म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी. त्यानंतर जर्मनीचा नवा प्रूफ कायदा लागू झाला आणि मुकुटाच्या जागी गरुड आला. गरुडाखाली एन असेल तर १९४० ते १९४५. पण इथे एक जागा निसरडी आहे. युद्धानंतर पश्चिम जर्मनीतही गरुड आणि एन असाच शिक्का चालू राहिला, फक्त गरुडाची रेखाटणी बदलली. त्यामुळे गरुड दिसल्या दिसल्या ‘युद्धकाळ’ असं लिहून मोकळं होऊ नका. शेजारी हरणाच्या शिंगाची छोटी आकृती आहे का ते पाहा. ते उल्मच्या प्रूफ केंद्राचं चिन्ह. शिंग असेल तर शिक्का युद्धानंतरचा, मग गरुड कितीही रुबाबदार असो.

युद्धानंतरच्या जर्मन शिक्क्यांमध्ये अजून एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. प्रूफच्या शेजारी वर्षाचा संकेत असतो. कधी तो सरळ दोन आकड्यांत असतो, ७० म्हणजे १९७०. कधी दोन रोमन अक्षरांत : ए म्हणजे ०, बी १, सी २, डी ३, ई ४, एफ ५, जी ६, एच ७, आय ८ आणि के ९. मधलं ‘जे’ हे अक्षर गाळलेलं आहे. म्हणजे ‘एचसी’ असेल तर १९७२, ‘आयए’ असेल तर १९८०. एकदा हे कळलं की उल्मच्या पिस्तुलाबाबत अंदाज करायची गरजच राहत नाही.

प्रूफशिवाय सरकारी खरेदीचे शिक्के वेगळे. गरुडाखाली ३५९ हा जर्मन सैन्याच्या शस्त्रविभागाचा, गरुडाशेजारी सी किंवा एफ हे पोलिसांचे. आरझेडएम ही अक्षरं नाझी पक्षाच्या साहित्य खात्याची. हे शिक्के पिस्तूल कुणाकडे गेलं ते सांगतात. संग्राहकांच्या बाजारात यांनीच किंमत चढते, आणि म्हणूनच खोटे शिक्के सर्वांत जास्त याच जागी सापडतात.

पाचवी पायरी : क्रमांक

तो फ्रेमच्या उजव्या बाजूला असतो. युद्धापूर्वी पीपी आणि पीपीके दोघांना एकाच मालिकेतले क्रमांक मिळत. मालिका साडेसात लाखांच्या आसपास सुरू झाली आणि दहा लाखांजवळ पोचली. मग १९३० च्या दशकाच्या अखेरीस दोघांची फारकत झाली. पीपीचे क्रमांक १००००१ पासून आणि मागे रोमन पी, पीपीकेचेही १००००१ पासून आणि मागे रोमन के.

याचा थेट उपयोग असा. सहा आकडी क्रमांक, साडेसात लाख ते दहा लाखांच्या मधला, शेवटी अक्षर नाही आणि पत्ता झेला-मेहलिसचा : ही पहिल्या दशकातली पीपीके. आकड्यानंतर के : युद्धाच्या उंबरठ्यावरची किंवा युद्धातली. काकांच्या पिस्तुलावर आकड्यामागे काहीच नव्हतं आणि पहिला अंक नऊ होता. मुकुट आणि हा क्रमांक, दोघांनी एकच काळ सांगितला. तेव्हा माझी खात्री पटू लागली.

युद्धानंतर मालिका पुन्हा नव्याने सुरू झाल्या. त्यामुळे नुसता क्रमांक सांगून ‘सांगा बरं कुठल्या सालचं’ असं कुणी फोनवर विचारलं तर उत्तर देऊ नका. क्रमांक पत्त्याशिवाय मुका असतो.

सहावी पायरी : सेफ्टीची कळ आणि खूणपिन

सेफ्टी स्लाइडच्या डाव्या बाजूला, मागे. वर असली की लाल ठिपका उघडा पडतो, म्हणजे पिस्तूल झाडायला मोकळं. खाली केली की ठिपका झाकतो, फायरिंग पिन अडते आणि चढलेला घोडा पडतो.

सुरुवातीच्या पिस्तुलांत ही कळ पाव वर्तुळ फिरते, म्हणजे ९० अंश. पुढे हा प्रवास कमी करून ६० अंशांवर आणला, कारण अंगठ्याला एवढी लांब फेरी मारणं अवघड जायचं. रिकाम्या पिस्तुलावर कळ हळू फिरवून पाहा. फरक लगेच कळतो. ९० अंशांची कळ ही पहिल्या काळातली चांगली साक्ष आहे.

घोड्याच्या वर, स्लाइडच्या मागच्या टोकाला एक बारीक भोक दिसेल. नळीत काडतूस असलं की तिथून एक पिन बाहेर डोकावते. अंधारात बोट फिरवूनही कळावं ही त्यामागची कल्पना. ७.६५ आणि ९ मिमीमध्ये ती असते, .२२ मध्ये नसते. युद्धाच्या शेवटच्या काळातल्या अनेक पिस्तुलांत वेळ आणि खर्च वाचवायला ती गाळली आहे. भोकच नसेल आणि पत्ता किंवा संकेत युद्धकाळाचा असेल तर ते सुसंगत आहे. मात्र पिन दिसत नाही म्हणून नळी रिकामी, असं कधीही धरू नका. सत्तर-ऐंशी वर्षांच्या स्प्रिंगवर असा भरवसा ठेवायचा नसतो.

सातवी पायरी : धातूचा पृष्ठभाग

युद्धापूर्वीच्या पीपीकेचं ब्ल्यूइंग, म्हणजे पोलादाला दिलेला निळसर काळा रंग, पाहिलं की मन भरून येतं. आरशासारखी झळाळी, काळपट निळा खोल रंग, कडा धारदार, अक्षरं कोरून काढल्यासारखी. १९४० नंतर पॉलिशला वेळ कमी मिळू लागला. स्लाइडवर यंत्राच्या समांतर रेषा राहू लागल्या, रंग मंद झाला. १९४४-४५ मध्ये तर कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसतात. हा खडबडीतपणा दोष म्हणून घासून काढू नका. तो त्या वर्षांचा पुरावा आहे.

चुंबक इथे कामी येतं. काही पीपीकेंची फ्रेम पोलादाऐवजी ड्युरल या हलक्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची असते. पोलादी पीपीके साधारण ५९० ग्रॅमची, ड्युरलची शंभरेक ग्रॅमने हलकी. चुंबक स्लाइडला चिकटतं पण फ्रेमला नाही, म्हणजे ड्युरल. हे युद्धापूर्वीही बनत आणि नंतरही, त्यामुळे काळ ठरवायला एकट्याने उपयोगी नाही.

मुलामा दिलेल्या पिस्तुलाबाबत एक पद्धत सांगतो. खऱ्या जुन्या शिक्क्यांच्या तळाशी आणि कडांशी मुलामा सारखा बसलेला असतो, कारण शिक्का आधीचा आणि मुलामा नंतरचा. शिक्क्याच्या आत चकचकीत उघडा धातू दिसला तर तो शिक्का मुलाम्यानंतर मारलेला आहे. ब्ल्यूइंगलाही हाच न्याय : कारखान्यात सहसा तपासणीनंतर झळाळी आणि रंग येतो, म्हणून खोल भागात रंग असायला हवा.

आठवी पायरी : ग्रिप आणि मॅगझिन

हे भाग बदलता येतात, म्हणून यांची साक्ष शेवटी घ्या. युद्धापूर्वीची ग्रिप काळ्या किंवा लालसर तपकिरी प्लास्टिकची, दोन्ही बाजूंना फितीचं चिन्ह. जुनं प्लास्टिक स्क्रूच्या जागी आणि खालच्या कोपऱ्यात तडकतं. गरुड आणि स्वस्तिक असलेली ‘पक्षनेत्यांची’ ग्रिप बाजारात भरपूर दिसते. खऱ्या फार थोड्या आहेत, नकला अगणित. अशा ग्रिपसाठी जादा पैसे मोजू नका.

मूळ पेटीत दोन मॅगझिनं येत : एक सपाट तळाचं, दुसऱ्याला करंगळी टेकवायला पुढे आलेला ओठ. दुसरं बहुतेक घरांत हरवलेलं असतं. सापडलं तर जपून ठेवा.

युद्धानंतरची वंशावळ

फ्रिट्झ वाल्थर पश्चिम जर्मनीत आले ते मुख्यतः रेखाटनं आणि पेटंटांचे हक्क घेऊन. कारखाना नव्हता आणि जर्मनीत शस्त्र बनवायची मुभाही नव्हती. म्हणून त्यांनी फ्रान्समधल्या मुलूझच्या मानूऱ्हें कंपनीला परवाना दिला. तिथे १९५२ पासून पीपी आणि पीपीके बनू लागली. स्लाइडवर मानूऱ्हेंचं नाव आणि वाल्थरच्या परवान्याचा उल्लेख, प्रूफ फ्रान्समधल्या सेंट एतिएनच्या केंद्राचं. या फ्रेंच पिस्तुलांना लोक उगाच दुय्यम मानतात. यंत्रकाम अतिशय नीट आहे. वापरायला घ्यायची असेल तर मी युद्धाच्या शेवटच्या जर्मन पिस्तुलाआधी हीच निवडेन.

१९६० च्या दशकात उल्मचा पत्ता असलेली पिस्तुलं आली. पण भाग पुष्कळसे मुलूझमध्येच तयार होत राहिले. ‘जर्मन’ आणि ‘फ्रेंच’ यांतला फरक कधीकधी फक्त शेवटच्या जुळणीचा आणि प्रूफचा असतो, तो असा.

पुढे अमेरिकेत उत्पादन सुरू झालं. १९७८ पासून इंटरआर्म्स या अमेरिकी आयातदार कंपनीसाठी अलाबामातल्या गॅड्सडेनमध्ये पीपीके/एस, नंतर पीपीकेही, बरीच स्टेनलेस पोलादात. ते १९९९ पर्यंत चाललं. मग २००२ पासून स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने ती बनवली. त्यांच्या पिस्तुलाची ओळख सोपी : फ्रेमच्या मागच्या वरच्या टोकाला हातावर येणारी जीभ लांब केलेली आहे. मोठ्या हाताच्या माणसाला मूळ पीपीकेची स्लाइड मागे येताना अंगठ्याच्या बेचक्यात लागते, कातडी सोलली जाते. लांब जिभेने ते थांबलं, पण छायारेषा बदलली. २०१० च्या दशकाच्या अखेरीस आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथमध्ये वाल्थरच्याच अमेरिकी शाखेने पुन्हा उत्पादन सुरू केलं. या अमेरिकी पिस्तुलांशी आपल्याकडच्या वारसा-पिस्तुलांचा सहसा संबंध येत नाही. पण अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथे कायदेशीर शस्त्र बाळगणाऱ्या मराठी माणसांनी एक नोंद जरूर घ्यावी : २००२ पासून २००९ च्या सुरुवातीपर्यंत बनलेली पीपीके आणि पीपीके/एस स्मिथ अँड वेसनने २००९ मध्ये परत मागवली होती. सेफ्टीने घोडा उतरवताना नळीतलं काडतूस उडण्याचा धोका होता. जुनी विकत घेत असाल तर दुरुस्ती झाली आहे का, हे क्रमांक देऊन विचारा.

वापरायची की जपायची?

युद्धापूर्वीची, मूळ रंगातली, क्रमांक स्वच्छ असलेली पीपीके झाडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एखादी स्प्रिंग किंवा ग्रिप तुटली तर मूळ भाग मिळणं कठीण. उल्म किंवा मुलूझची, चांगल्या स्थितीतली, वापरता येईल. पण आधी जाणकार आर्मररकडून, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून, चापाची अडकण, फायरिंग पिन, घोड्याचा आतला अडसर आणि सेफ्टी तपासून घ्या. नळीत काडतूस असताना सेफ्टीने घोडा पाडून पाहू नका, कितीही नव्या काळची असली तरी. ही चाचणी रिकाम्या पिस्तुलावरच करायची.

काडतुसाबाबत गोंधळ फार होतो. पीपीकेला लागतं ते .३२ एसीपी, म्हणजे ७.६५ मिमी ब्राउनिंग. आपल्याकडे .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूसही मिळतं. ते वेगळं आणि लांब. आणि ७.६५ पॅराबेलम तर तिसरंच. परवान्यावर नुसतं .३२ लिहिलं असेल तर दुकानात ‘पिस्तुलाचं’ असं स्पष्ट सांगा. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची केएफ छापाची ७.६५ ची काडतुसं आपल्याकडे ओळखीची आहेत, आणि पूर्ण तांब्याच्या कवचाची गोल गोळी या पिस्तुलाला मानवते. पोकळ टोकाची आखूड काडतुसं टाळा. या काडतुसाच्या बुडाची कड किंचित बाहेर आलेली असते. काडतूस आखूड असेल तर मॅगझिनमध्ये ते पुढेमागे सरकतं, वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकते आणि पिस्तूल ठप्प होतं.

ठप्प होणं म्हणजे काय हे लंडनमध्ये २० मार्च १९७४ रोजी दिसलं. राजकन्या ॲन यांची गाडी अडवून अपहरणाचा प्रयत्न झाला. अंगरक्षक जेम्स बीटन यांच्या पीपीकेमधून एक गोळी सुटली आणि पिस्तूल अडकलं. ते स्वतः गोळ्या लागून जखमी झाले. राजघराण्याच्या संरक्षणातून पीपीके त्यानंतर गेली.

शेवटची पायरी : नोंद

वहीत एका पानावर हे उतरवा : मोजमाप आणि मुठीची पाठ, डाव्या बाजूचा पूर्ण मजकूर, प्रत्येक शिक्का कुठे आहे आणि कसा दिसतो, पूर्ण क्रमांक अक्षरासकट, कळीचे अंश, खूणपिन आहे की नाही, पृष्ठभाग, ग्रिप, मॅगझिनं. प्रत्येकासमोर त्यावरून निघणारा काळ. जिथे मेळ बसत नाही तिथे रेघ मारा, जुळवायला जाऊ नका. झेला-मेहलिसच्या स्लाइडवर शिंगाचा शिक्का असेल तर पिस्तूल युद्धानंतर पुन्हा तपासलं गेलं असेल. फ्रेम एका काळाची आणि स्लाइड दुसऱ्या काळाची असेल तर भाग बदललेले असतील.

मग परवान्याशी ताडून पाहा. परवान्यावरचा क्रमांक आणि फ्रेमवरचा क्रमांक अक्षरशः एक आहे ना? जुन्या परवान्यांवर शेवटचं के किंवा पी लिहायचं राहून गेलेलं असतं, कारण लिहिणाऱ्याला तो क्रमांकाचा भाग वाटलाच नाही. राहिलं असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयात, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे, लेखी अर्ज करून दुरुस्त करून घ्या. परवानाधारक वारला असेल तर शस्त्र घरात ठेवू नका. कलम २१ प्रमाणे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या, आणि वारसाने आपल्या नावाचा परवाना मागावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे वारसाकडे आधीच दोन असतील तर घरात कुणाच्या नावावर घ्यायचं याचा विचार अर्जाआधीच करा.

काकांच्या पिस्तुलाचं पान असं भरलं : पीपीके, पोलादी फ्रेम, झेला-मेहलिस, मुकुट आणि एन, नऊने सुरू होणारा क्रमांक, अक्षर नाही, नंतरचा निकेल मुलामा, एकच मॅगझिन, ओठाचं. चुलतभावाने त्याची एक प्रत परवान्याच्या फाइलमध्ये लावली आणि मागच्या बाजूला काकांचं नाव लिहिलं.